थोरल्यांच्या नावावरची पहिली लाइन

नवजात बाळांच्या विभागात आम्ही दोघी एकाच आडनावाच्या, म्हणून एक थोरल्या सिस्टर आणि एक धाकट्या सिस्टर. थोरल्या म्हणजे माझ्या जाऊबाई. एका घरात, एका ओट्याशी आणि एका वॉर्डात आम्ही चौदा वर्षं काढली. घरी मी त्यांना ताई म्हणायचे, वॉर्डात सिस्टर, आणि घाईत हमखास गल्लत करायचे. एकदा राउंड ऐन रंगात आला असताना मी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, निघताना गॅस बंद केला होतात ना?" तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "जाता जाता माझ्या घरचाही बघून या." पुढे महिनाभर मला सगळे गॅसवाली म्हणत होते.

आधीच सांगून टाकते. या प्रकरणात 'आपल्याला कोणाची बाजू घ्यायची नाही बाई' असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. मला घ्यायची आहे. उशिरा घेतेय, एवढं मात्र कबूल.

ताई बुटक्या, चष्मा कायम कपाळावर, तोंड तिखट. हात मात्र असे की सातशे ग्रॅमचं बाळसुद्धा त्यांच्या ओंजळीत रडायचं थांबे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला दूध पचत नाही, त्याचं सगळं पोषण शिरेतून द्यावं लागतं. साधी सुई लावली तर ती शीर दोन दिवसांत फुटते, मग दुसरी, मग तिसरी, आणि आठवड्याभरात बाळाच्या अंगावर टोचायला जागा उरत नाही. म्हणून लांब लाइन टाकायची. शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड अशी मऊ नळी कोपराच्या आतल्या शिरेतून घालायची आणि काखेतून, खांद्याखालून सरकवत हृदयाच्या दारापर्यंत न्यायची. दारापर्यंत, आत नाही. आत गेली तर एवढ्याशा हृदयाची भिंत झिजते, पोषणाचं पाणी बाहेर झिरपून हृदयाभोवती साठतं आणि बाळ हातचं जातं.

हे काम ताईंसारखं कोणी करत नव्हतं. आधी बाळाचा हात पाच मिनिटं नुसता तळहातात धरून गरम करायच्या. जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब. बाकीचं अंग मऊ कापडात घट्ट गुंडाळायचं, तोंड लाइनीच्याच बाजूला वळवून हनुवटी खाली, म्हणजे नळी वाट चुकून मानेत चढत नाही. मग सुई. ती शिरेत गेली की तिच्यातून नळी, आणि नळी सरकवायला बिनदातांचा बारीक चिमटा. अर्धा सेंटीमीटर, थांब. अर्धा सेंटीमीटर, थांब. शीर आवळली तर जबरदस्ती नाही. "तिला धक्का बसलाय, तिला जरा दम खाऊ दे," असं शिरेबद्दल बोलायच्या, आणि आम्हाला मात्र दम खायला एक मिनिट द्यायच्या नाहीत. नळी पोचली की सुई बाहेर ओढायची, तिचे दोन पंख धरून उभी चिरायची आणि फेकून द्यायची.

शेवटी फोटो, म्हणजे एक्स-रे. यावर त्यांचा एक नियम होता आणि तो चुकला की हातावर चापट बसायची. मी दोनदा खाल्ली आहे. फोटो काढताना बाळाचा हात ताणून धरायचा नाही. बाळ झोपतं तसा, कोपरात वाकवून अंगाशी ठेवायचा. "लाइन हलत नसते गं, हात हलतो. पसरलेल्या हातात दारात दिसलेली लाइन हात मुडपला की सेंटीमीटरभर आत जाते. आणि तुझं बाळ काय चोवीस तास हात पसरून निजणार आहे?"

आता दवाखान्याची रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. नियमाप्रमाणे लांब लाइन डॉक्टरांनीच टाकायची. सिस्टरने मदतीला उभं राहायचं. प्रत्यक्षात टाकायच्या ताई, आणि 'लाइन कोणी टाकली' या रकान्यात सही करायचे त्या पाळीचे डॉक्टर. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, खुद्द ताईंनाही नाही. मी एकदा म्हटलं, "राबायचं तुम्ही आणि नाव त्यांचं?" तर म्हणाल्या, "बाळाला कुठे वाचता येतंय?" वीस वर्षांत त्यांनी हजारावर लाइनी टाकल्या असतील. कागदावर एकही नव्हती.

छोटे डॉक्टर आले तेव्हा खरंच छोटे होते. हात असा कापायचा की चिमटा ताटलीवर वाजे. पहिल्या महिन्यात एका बाळाच्या चार शिरा त्यांनी लागोपाठ फोडल्या आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडले. ताई आत गेल्या, दार लावलं आणि त्यांच्या हाताखाली आपला हात देऊन रबराच्या नळीवर तासभर गिरवून घेतलं. तेव्हापासून ते त्यांना माई म्हणू लागले. ताई त्यांना वॉर्डात 'डॉक्टर, तुम्ही' म्हणायच्या आणि चहाच्या खोलीत 'अरे, खाल्लंस का काही?' त्यांच्या डब्यातला अर्धा डबा या माणसाने चार वर्षं खाल्ला, तोही मीठ कमी आहे म्हणत. पुढे ते बाहेर जाऊन आणखी शिकून आले. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि त्यांचं नाव पक्कं समजलं जात होतं. तरी आम्हाला ते छोटे डॉक्टरच.

येताना ते नवा संच घेऊन आले. त्यात आधी केसासारखी तार शिरेत घालायची, तारेवरून एक पातळ म्यान आणि म्यानातून नळी. शिवाय शीर पडद्यावर दाखवणारं एक यंत्र. ताईंनी यंत्राचं मनापासून कौतुक केलं. तारेबद्दल म्हणाल्या, "मोठ्या बाळाला छान आहे. सातशे ग्रॅमच्या शिरेला एवढा पाहुणचार सोसायचा नाही." छोटे डॉक्टर हसले, पण ते त्यांना झोंबलं. मी बघत होते ना.

त्या दिवशी ताई सासूबाईंना डोळे दाखवायला घेऊन गेल्या होत्या, अडीचला येणार होत्या. एक वाजता दोन नंबरच्या काचेच्या पेटीतल्या बाळाची सुई निघाली. नऊशे ग्रॅमची मुलगी. मी म्हटलं, "सिस्टर येतीलच, दीड तासाचा तर प्रश्न आहे." छोटे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सिस्टर जन्मल्या नव्हत्या तेव्हाही लाइनी पडत होत्या. लाइनीचं ताट लावा."

त्यांनी नव्या संचाने लाइन टाकली. चांगली टाकली, खोटं कशाला बोलू. मग फोटोवाला आला, आणि डॉक्टर मला म्हणाले, "हात सरळ धरा, लाइन स्पष्ट दिसू दे." मी धरला. मला माहीत होतं. दोन चापटा खाल्लेली बाई मी, माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. लाइन बरोब्बर दारात दिसली, डॉक्टर खूश झाले, आणि आम्ही त्या पोरीचा हात मुडपून, अंगाशी गुंडाळून पंप सुरू केला.

संध्याकाळी सहाला तिचा रंग उतरला. नाडी पडली, रक्तदाब लागेना. छोटे डॉक्टर फुप्फुसं तपासत होते, नळ्या बदलत होते. अडीचला येऊन पलीकडच्या खोलीतल्या बाळांत गुंतलेल्या ताई धावत आल्या, पेटीत एकदा बघितलं आणि पहिल्यांदा पंप बंद केला. "फुप्फुसांचं काही नाही, हृदयाभोवती पाणी आहे. लाइन आत गेलीय." त्यांनी सिरिंज लावून लाइनीतून उलटं ओढलं तर दुधासारखं पांढरं आलं, पोषणाचंच पाणी. मग त्या ओरडल्या, "डॉक्टर, छातीच्या हाडाखालून सुई घाला, मी सांगते तसं! आत्ता!" डॉक्टरांचा हात पुन्हा पहिल्या महिन्यासारखा कापत होता. ताईंनी मनगट धरलं आणि सुई घालून घेतली. पाणी निघालं आणि पोरगी गुलाबी झाली. ती जगली, आज शाळेत जाते. पण चौकशी होणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

अर्ध्या तासाने छोट्या डॉक्टरांनी मला औषधांच्या खोलीत बोलावलं. लाइनीचा कागद अजून कोराच होता, आमच्याकडे तो संध्याकाळी भरायची वाईट सवय. त्यांनी माझ्यासमोर भरला. वेळ, दुपारी तीन, म्हणजे ताई कामावर आल्यानंतरची. लाइन टाकणाऱ्याच्या रकान्यात ताईंचं नाव. ते म्हणाले, "माईंना कोण काय म्हणणार आहे? एवढी वर्षं झाली त्यांची. फार तर समज देतील. माझं नाव आलं तर मात्र सगळंच संपतं." मग म्हणाले, "आणि तुमच्या कायम होण्याची शिफारस माझ्याच टेबलावर आहे. मी प्रमुख झालो तर लगेच करतो." मदतनिसाच्या रकान्यात मी सही केली. चौदा वर्षं हंगामी होते मी, दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसून पुन्हा कामाला लागायचे. हे मी माफी मागायला सांगत नाही. किती स्वस्तात गेले ते कळावं म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी ताईंसमोर कागद ठेवला. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचला आणि थेट छोट्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"हे काय आहे?"

"माई, एवढं सांभाळून घ्या. आईच्या ठिकाणी आहात."

"मला विचारलं का नाहीत?"

"वेळ नव्हता हो माई."

"नाही म्हटलं असतं मी, म्हणून विचारलं नाहीत. मी रात्रंदिवस तुमचा हात धरला तो यासाठी?" त्या दिवशी चहाच्या खोलीतलं 'अरे' संपलं. पुढे ताईंनी त्यांना एकांतातही 'तुम्ही'च म्हटलं.

घरी भाजी निवडताना त्यांनी मला विचारलं, "तुझी सही कशी गं त्याच्यावर?"

"डॉक्टरांनी कागद पुढे केला, मी न वाचता केली," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी आधी कधी बोलले नव्हते.

त्यांनी विश्वास ठेवला. "वेंधळी आहेस," एवढंच म्हणाल्या. "पण चौकशीत खरं सांगशील ना? लाइन टाकताना तू एकटीच होतीस तिथे. तू बोललीस तर मी सुटले. माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

"सांगेन ना ताई. तुमची शप्पथ."

चौकशीला तिघं होते. मेट्रनबाई, कार्यालयाचे अधिकारी आणि बाहेरून आलेले एक म्हातारे बालरोगतज्ज्ञ. अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "लाइन टाकायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

"वीस वर्षं टाकतेय."

"आमच्याकडे तशी एकही नोंद नाही. याआधी तुमच्या नावावर शून्य लाइनी आहेत." त्यांनी मेट्रनबाईंकडे बघितलं. मेट्रनबाई हजार लाइनींना शेजारी उभ्या राहिलेल्या बाई. त्या टेबलावरचा डाग नखाने खरवडू लागल्या. नुसती लाकडासारखी बसून होती सगळी माणसं! मला अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि मग आठवतं की त्या लाकडांत मीही होते.

ताई डगमगल्या नाहीत. त्यांनी फोटो मागवला आणि उजेडावर धरला. "डॉक्टर, हा हात बघा. ताणलेला आहे. म्हणून लाइन बरोबर दिसते. हात मुडपल्यावर ती आत गेली. माझ्या एकाही बाळाचा फोटो असा काढलेला नाही, हवे तेवढे काढून बघा. ही लाइन माझी नाही."

म्हातारे डॉक्टर पुढे सरकले. त्यांना सगळं समजलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मदतीला होतात. लाइन कोणी टाकली? आणि हा हात कोणी धरला होता?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काळजी नव्हती, हे मला जास्त लागलं. आता ही बोलणार आणि आपण घरी जाणार, अशा निवांत बघत होत्या. छोटे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. हात मीच धरला होता. खरं बोलले असते तर माझं नाव पहिलं.

"आठवत नाही," मी म्हणाले. "गर्दी होती कामाची."

ताईंनी फोटो हळूच पाकिटात घातला.

त्यांना नोकरीवरून काढलं नाही. तळमजल्यावर लसीच्या खोलीत बसवलं आणि बाळांच्या विभागात पाऊल ठेवायला लेखी मनाई केली. छोटे डॉक्टर प्रमुख झाले. मी कायम झाले. घरी ताईंनी कोणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, वरून खाली का घातलं तुला?" तर म्हणाल्या, "गुडघे दुखतात, जिने नको वाटतात." माझ्या नवऱ्याने मी कायम झाल्याचा आनंद म्हणून सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं, तेव्हा ताई आल्या, जेवल्या, माझ्या मुलीच्या ताटात स्वतःच्या ताटातलं गोड काढून दिलं. त्यांनी एकदा तरी मला शिव्या घालायला हव्या होत्या. मी वाट बघायचे, त्या विचारायच्या, "उद्या कितवी पाळी तुझी?"

सात महिन्यांनी एका सकाळी जुळं आलं. एक बाळ गेलं, दुसरं सहाशे ऐंशी ग्रॅमचं. छोट्या डॉक्टरांनी तीनदा प्रयत्न केला. तार पुढे जाईना, दोन्ही हातांच्या शिरा फुटल्या, एका पायाचीही गेली. रक्तातली साखर खाली चालली होती. बाळाचा बाप काचेबाहेर उभा होता आणि आत कोणी मान वर केली की लगेच हात जोडायचा. शेवटी छोटे डॉक्टर मला म्हणाले, "माईंना आणा." मनाईचा कागद त्यांच्याच सहीचा होता.

मी जिने उतरून गेले. लसीच्या खोलीत रडारड चालली होती, ताई एका मुलाच्या मांडीवर कापूस दाबून धरत होत्या. मी सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "वजन किती? कुठली शीर शिल्लक आहे?" आणि माझ्या पुढे जिना चढल्या. गुडघे ठणठणीत होते.

वर त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, नेहमीसारखे पूर्ण तीन मिनिटं. छोटे डॉक्टर बाजूला झाले. मी ताट उघडलं, चिमटा त्यांच्या उजव्या हाताला येईल असा ठेवला आणि बाळाचा उरलेला पाय धरायला पुढे झाले.

"तू नको," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, हातमोजे बदलायला सांगताहेत. मी मोजे काढू लागले.

"तू नको म्हटलं. ती नवीन मुलगी येऊ दे."

नवीन मुलीला येऊन पंधरा दिवस झाले होते. मी काचेबाहेर त्या बापाशेजारी उभी राहिले. ताई तिला काहीतरी सांगत होत्या, ती मान डोलवत होती. चाळीस मिनिटं लागली. लाइन पडली. फोटोवाला आला तेव्हा नवीन मुलीने बाळाचा पाय ताईंनी सांगितला तसा मुडपून धरला आणि ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. बाप मला म्हणाला, "झालं का हो सिस्टर?" मी म्हणाले, "झालं." तो माझेच पाय धरायला वाकला, मी त्याला कसंबसं थांबवलं.

छोट्या डॉक्टरांनी कागद ओढला, लाइन टाकणाऱ्याच्या रकान्यात सराईतपणे स्वतःचं नाव घातलं आणि मग पेन तसंच धरून ताईंकडे बघितलं. ताई हात पुसत होत्या. त्यांनी वाचलं आणि लसीच्या खोलीकडे निघून गेल्या. बाहेर बायका मुलांना घेऊन खोळंबल्या होत्या.

संध्याकाळी ओट्याशी आम्ही दोघीच होतो. मला राहवेना. मी म्हणाले, "ताई, मी चुकले. सही मी वाचून केली होती. हातही मीच धरला होता. उद्या मेट्रनबाईंना सगळं लिहून देते, नोकरी गेली तर गेली."

"सही वाचून केलीस ते मला चौकशीतच कळलं," त्या म्हणाल्या. भांडं विसळून त्यांनी पालथं घातलं. "लिहून द्यायचं तर दे. तुला झोप लागावी म्हणून दे, माझ्यासाठी नको. आणि रडू नकोस, मुलं येतील आत. घरात तू माझी जाऊ आहेस, मरेपर्यंत राहशील. पण बाळाच्या पेटीपाशी माझ्या शेजारी आता तू नको."